पुन्हा सुरात येणारी गिटार

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारची, म्हणजे रेड स्पेशलची, गोष्ट सांगायला बसलेला माणूस दुसऱ्या वाक्यालाच फायरप्लेसपाशी पोचतो. जुन्या घरातल्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून कोरलेला नेक (गिटारची मान), अडगळीतल्या टेबलाच्या ओकमधून निघालेला बॉडीचा गाभा, आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा आणि विणकामाच्या सुईचं टोक. आठ पौंडांत अख्खी गिटार! ऐकणारा 'वा' म्हणतो, सांगणारा खूश होतो आणि गोष्ट संपते. मीही ती अशीच ऐकली आणि पुढे रंगवून सांगितलीही. हल्ली मात्र ती गोष्ट मला अपुरी वाटते. सामान कुठून आलं हे सांगण्याच्या भरात त्या सामानाचं पुढे केलं काय, हे राहूनच जातं. आणि खरी मजा तिथेच आहे.

लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका साध्या घरात १९६३ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी हे काम सुरू केलं. हॅरॉल्ड सरकारी विमानवाहतूक मंत्रालयात ड्राफ्ट्समन, म्हणजे तांत्रिक आराखडे काढणारे, होते. धुक्यात वैमानिकाला काही दिसत नसताना विमान उतरवणारी उपकरणं, हा त्यांच्या कामाचा विषय. महायुद्धात रेडिओ ऑपरेटर होते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स हातात मुरलेलं. घरातला टीव्ही त्यांनी स्वतः बनवलेला, बापलेकांनी मिळून केलेली दुर्बीणही घरात होती. हॅरॉल्ड युकुलेली-बँजो वाजवत, ब्रायनने पहिले कॉर्ड त्याच्यावरच गिरवले. सातव्या वाढदिवसाला त्याला साधी अकूस्टिक गिटार मिळाली, तर काही वर्षांत त्याने तिला स्वतः पिकअप (तारांची कंपनं विजेच्या लहरींत बदलणारा चुंबकी भाग) बनवून बसवला. या घरात एखादी वस्तू परवडत नाही म्हणजे ती मिळणार नाही, असं कुणी धरून चालतच नव्हतं.

परवडत नव्हती हे मात्र खरं. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार १९५४ मध्ये अमेरिकेत आली, पण ब्रिटनमध्ये ती पोचायला १९५९ उजाडलं. शॅडोज या ब्रिटिश बँडच्या हँक मार्विनकडे आलेली लाल स्ट्रॅट ही ब्रिटनमधली पहिली मानली जाते. शाळकरी पोरं तिचे फोटो बघत बसायची. ड्राफ्ट्समनच्या पगारात ती बसणारी नव्हती.

तरी मला वाटतं, पैसे नाहीत हे फार तर निमित्त. नुसती स्ट्रॅटची स्वस्त नक्कल हवी असती तर दोन वर्षं लागली नसती. या दोघांना त्या महागड्या गिटारींत उणिवा दिसत होत्या, आणि त्या दूर करायच्या होत्या. लेकाला फीडबॅक हवा होता, म्हणजे अॅम्प्लिफायरसमोर उभं राहिलं की गिटारने स्वतःहून गायला लागावं. बापाला बहुधा एवढंच हवं होतं की आपल्या टेबलावर बनलेली वस्तू आकड्यांत चोख बसावी.

घरातली जादा खोली कार्यशाळा झाली. हत्यारं बहुतेक हाताचीच. नेकसाठी घेतलेली महोगनी शंभर वर्षांहून जुनी, चाकूने आणि पॉलिशपेपरने आकाराला आणलेली. लाकूड किड्यांनी पोखरलं होतं, ती भोकं आगपेटीच्या काड्या ठोकून बुजवली. हा नेक आजच्या मानाने फारच जाड आणि रुंद आहे. हात लहान असणाऱ्याला झेपणार नाही. ब्रायनच्या लांब बोटांना तो जमला, आणि जमल्यावर त्याला दुसरं काही रुचेना.

नेकवरची पट्टीही ओकचीच. काळा रंग देऊन तिला आबनुसासारखं रूप आणलं. तिच्यावर चोवीस फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या सळ्या. आता इथे जरा थांबू या, कारण हौशी माणसाची गिटार इथेच फसते. तारेची वाजणारी लांबी चोवीस इंच, स्ट्रॅटपेक्षा दीड इंच कमी. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, बारा इंचांवर यायला हवा, आणि चोविसाव्याच्या पुढे फक्त सहा इंच तार उरायला हवी. मधल्या प्रत्येक फ्रेटचं अंतर दोनाच्या बाराव्या मुळाने कमी होत जातं. पहिला फ्रेट सुमारे १.३५ इंचांवर पडतो, आणि शेवटच्या दोन फ्रेटमध्ये जेमतेम नऊ मिलिमीटर जागा उरते. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर कानाला टोचते, आणि तार कितीही जुळवली तरी ती चूक जात नाही. खिशातला कॅल्क्युलेटर अजून जन्मायचा होता. तरी करवतीचे चोवीस काप हिशेबाबरहुकूम पडले. पट्टीवरचे पांढरे ठिपके ही त्या आईच्या बटणांची कामगिरी. सातव्या आणि एकोणिसाव्या फ्रेटला दोन-दोन, बाराव्या आणि चोविसाव्याला तीन-तीन. बटणांचं कौतुक सगळे करतात. ती ज्या आकड्यांवर बसली आहेत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पण माझ्या मते या गिटारचा प्राण ब्रिजखाली, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाखाली आहे.

ट्रेमोलो म्हणजे ब्रिजला जोडलेली दांडी. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि सूर खाली घसरतो, सोडली की वर येतो. निदान यायला हवा. ज्यांनी अशी गिटार हाताळली आहे त्यांना ठाऊक आहे की दांडी दाबणं सोपं, परत येणं अवघड. एकदा जोरात दाबली की दोन तारा तरी थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या राहतात. मग दोन गाण्यांच्या मध्ये खुंट्या पिळत बसायचं. कित्येक वादक या कटकटीला कंटाळून दांडी काढूनच ठेवतात. माझ्या गिटारची दांडीही केसमध्ये पडून असते.

असं का होतं? घर्षणामुळे. दांडी दाबली की तार सैल होऊन थोडी सरकते, सोडली की पुन्हा ताणून मूळ जागी यायला बघते. वाटेत जिथे जिथे ती घासते तिथे केसभर अडकते, आणि केसभर म्हणजे सुराच्या भाषेत भरपूर. अडकायच्या जागा तीन: खुंट्यांजवळची खाच, ब्रिजवरचा टेकू, आणि ज्याच्यावर ब्रिज झुलतो तो आस. त्या काळच्या स्ट्रॅटचा ब्रिज सहा स्क्रूंच्या ओळीवर झुलायचा. सहा स्क्रू म्हणजे घासायच्या सहा जागा.

मे बापलेकांनी या तिन्ही जागा एकेक करून निकालात काढल्या. खुंट्यांकडे शून्य क्रमांकाचा एक जादा फ्रेट बसवला. तारेची उंची तो सांभाळतो, खाचेला फक्त तार आडवी सरकू न देण्याचं काम उरतं. वर खुंट्यांची मांडणी अशी, की तार खाचेतून निघून सरळ रेषेत खुंटीला जाते. वळणच नाही, मग वळणावर घासणार काय? ब्रिजवर प्रत्येक तारेखाली हाताने घडवलेलं एक बारीक रोलर. तार सरकली की रोलर फिरतं. आणि सगळा ब्रिज झुलतो तो कठीण केलेल्या पोलादाच्या एका धारेवर. जुन्या तराजूचा दांडा सुरीच्या धारेवर टेकलेला असतो आणि चिमूटभर वजनालाही झुकतो, तीच ही युक्ती. टेकणारी जागा जितकी कमी, तितकं घर्षण कमी.

तारा ब्रिजला पुढे ओढतात, त्या ओढीला तोलून धरायला मागे दोन स्प्रिंगा. १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या इंजिनातल्या, झडपांच्या. गोष्ट सांगणारे इथे हमखास हसतात, मोटरसायकलची स्प्रिंग गिटारमध्ये! मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. इंजिनातल्या झडपेची स्प्रिंग मिनिटाला शेकडो वेळा दाबली जाते, आणि दर वेळी तिला मूळ लांबीवर यावंच लागतं, नाहीतर इंजिन बंद पडेल. परत जागेवर येणं हाच तिचा धंदा. भंगारात हात घातला आणि जे लागलं ते बसवलं, असं हे नाही. काय हवं ते आधी ठरलं होतं, मग ते भंगारात शोधलं. ताण कमी-जास्त करायला स्प्रिंगांना बोल्ट आहेत, म्हणजे जाड-बारीक तारा लावल्या तरी तोल जमवता येतो. दांडी सायकलच्या सामानाची पिशवी अडकवायच्या सळईची, टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. हा भाग मात्र खरोखरच गमतीचा.

त्या दांडीचा उपयोग काय झाला ते क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येतं. ब्रायन मे एकावर एक गिटारचे थर चढवतो, कधी तीन, कधी त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यांचा मिळून वाद्यवृंद करतो. अशा कामात सूर दयामाया करत नाही. एक थर जरा उतरला की सगळी इमारत गढूळ होते. ट्रेमोलो वापरणाऱ्या वादकाला असे थर एकमेकांवर बसवायचे तर दांडी नेमकी मूळ जागी यायला हवी. हे संगीत आधी सुचलं आणि गिटार त्याच्यासाठी घडली, की गिटार अशी घडली म्हणून हे संगीत सुचलं, याचा निवाडा मला करता येत नाही. सोळाव्या वर्षी त्याच्या डोक्यात तो सगळा वाद्यवृंद असेल असं मात्र वाटत नाही.

पिकअपची कथा वेगळी, आणि मला जास्त आवडणारी, कारण तिथे हाताने बनवायचा हट्ट सोडावा लागला. ब्रायनने पहिले पिकअप स्वतःच केले होते. हार्डवेअरच्या दुकानातली एक्लिप्सची चुंबकं, घरीच केलेल्या यंत्रावर तांब्याच्या तारेचे वेढे. आवाज चांगला यायचा. पण तार बोटाने बाजूला ओढली की आवाजात विचित्र खरखर यायची. चुंबकांचे ध्रुव ज्या रीतीने मांडले होते, त्यामुळे आडवी सरकणारी तार एका ध्रुवाच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जायची. ब्लूज ऐकून वाढलेल्या पोराला तार ओढता येत नाही म्हणजे बोलताच येत नाही. मग त्याने लंडनच्या बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले, एकेक तीन गिनींना. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा तिन्ही मिळून झाले नऊ पौंड नऊ शिलिंग. आठ पौंडांच्या गिटारीत साडेनऊ पौंडांचे पिकअप! स्वस्ताईची कथा सांगणारे हा आकडा हळूच वगळतात.

विकत आणले तरी ते जसेच्या तसे बसवले नाहीत. ट्राय-सॉनिकच्या कॉइलचे वेढे सैल असतात. मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतात आणि गिटार किंचाळायला लागते. ब्रायनने ते अॅराल्डाइट हा घट्ट होणारा गोंद ओतून पक्के केले.

मग जोडणी. त्या काळच्या बहुतेक गिटारींत पिकअप समांतर जोडलेले असत. इथे ते एकापुढे एक जोडले, त्यामुळे दोन चालू केले की आवाज नुसता बदलत नाही, वाढतोही. शिवाय प्रत्येक पिकअपला दोन सरकती बटणं: एक चालू-बंद करायला, दुसरं त्याची फेज, म्हणजे त्याच्या विजेच्या लहरीची दिशा, उलटवायला. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये लावले की दोघांत जे समान ते एकमेकांना खाऊन टाकतं, खर्जाचा बराचसा भाग गळतो आणि उरतो एक नाकातला, टोकदार सूर. हिशेब केला तर एकटा पिकअप तीन प्रकारे, जोड्या सहा आणि तिघं मिळून चार, असे वेगळे तेरा आवाज निघतात. मोठ्या कारखान्यांच्या तीन पिकअपच्या बहुतेक गिटारींतही तेव्हा याच्या निम्मे मिळत नसत. सहा बटणांची ती रांग पाहून पहिल्यांदा गोंधळायला होतं. सुंदर तर ती मुळीच नाही, रेडिओच्या पाठीवरून उचलून आणल्यासारखी दिसते. पण प्रत्येक बटण एकच काम करतं आणि ते कोणतं हे हाताला कळतं. ड्राफ्ट्समनचा हात दिसतो तो असा.

बॉडीबद्दल थोडक्यात. मध्ये ओकचा गाभा, बाजूंना ब्लॉकबोर्ड, वरून-खालून महोगनीचं व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि कडेला कपाटाच्या फळ्यांना लावतात तशी पांढरी प्लास्टिकची पट्टी. आत पोकळ कप्पे ठेवले आहेत, तेच त्या फीडबॅकसाठी. भरीव गिटार अॅम्प्लिफायरपुढे सहसा गप्प राहते, पूर्ण पोकळ असेल तर ताब्यात राहत नाही. ही मधली आहे, हाक मारली की ओ देते आणि तार दाबली की थांबते. लाल रंग लाकडाला दिलेला, वर रस्टिन्सच्या प्लास्टिक कोटिंगचे थर. त्या लाल रंगावरूनच नाव पडलं.

वाजवायला ब्रायन प्लास्टिकचं प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) घेत नाही, सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं घेतो. प्लास्टिक वाकतं, आणि बोटाला काय जाणवतंय हे त्या वाकण्यात हरवतं, असं त्याचं म्हणणं. नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात. नाणं सपाट धरलं तर सूर गोल निघतो, जरा तिरपं केलं की दाते तारेवरून घासत जातात आणि प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक बारीकशी 'ख्र' येते. एकदा हे कळलं की ते प्रत्येक गाण्यात ऐकू यायला लागतं, आणि मग न ऐकणं जमत नाही. हे नाणं पुढे चलनातून गेलं. १९९३ च्या त्याच्या दौऱ्यासाठी रॉयल मिंटने खास नवी पाडून दिली.

आता हॅरॉल्डकडे वळतो, कारण या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा माणूस तोच. दोन वर्षं संध्याकाळी मुलाबरोबर बसून ज्याने ही गिटार केली, त्यालाच मुलगा गिटारवादक व्हायला नको होता. ब्रायनने इंपीरियल कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, पुढे सूर्यमालेतल्या धुळीवर पीएचडी करत होता. ती १९७४ मध्ये अर्धवट टाकून तो पूर्ण वेळ बँडमध्ये गेला, तेव्हा वडील दुखावले. दोघांत काही काळ बोलणंसुद्धा नव्हतं. बापाची बाजू मला कळते. मुलाला हात आणि डोकं दोन्ही वापरायला शिकवलं ते संशोधक व्हावा म्हणून, आणि त्या हाताने बनलेली वस्तूच त्याला घेऊन गेली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रायनने आईवडिलांना काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान विमानाने न्यूयॉर्कला नेलं. ज्या विमानाच्या उपकरणांवर हॅरॉल्डनी काम केलं त्यात ते तोवर कधी बसले नव्हते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम झाल्यावर त्यांनी मुलाचा हात हातात घेतला आणि आता समजलं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. १९८८ मध्ये ते गेले. पीएचडी मुलाने पूर्ण केलीच, पण २००७ मध्ये.

एवढं झाल्यावर नकला निघणार हे ओघानंच आलं. १९८४ मध्ये गिल्ड या गिटार कंपनीने एक आवृत्ती काढली. दिसायला बरीच जवळची, पण ट्रेमोलो बाजारात तयार मिळणारा, पिकअपही दुसऱ्याच बनावटीचे. माझ्या दृष्टीने ती लाल रंगाची एक चांगली गिटार, यापलीकडे काही नाही. धारेवर झुलणारा ब्रिज काढल्यावर उरलं काय? ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायरने मात्र नव्वदच्या दशकात मूळ गिटारची मापं बारकाईने घेऊन तीन प्रती केल्या, आणि १९९८ मध्ये मूळ गिटारचीही डागडुजी केली. तीस वर्षांच्या दौऱ्यांत झिजलेली, टवके उडालेली वस्तू त्याने दुरुस्त केली, नवी कोरी केली नाही. पुढे तिचे एक्स-रेसुद्धा काढले गेले, आतले कप्पे कसे आहेत ते बघायला. २००२ च्या जूनमध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला ब्रायन बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभा राहून राष्ट्रगीत वाजवत होता, तेव्हा त्याच्या गळ्यात ही फेल्टमची गिटार होती.

एक काम राहून गेलं ते राहिलंच. मूळ आराखड्यात बॉडीच्या वरच्या बाजूला, पोकळ कप्प्यावर, व्हायोलिनला असतं तसं इंग्रजी एफच्या आकाराचं छिद्र पाडायचं होतं. आधी गिटार वाजती करू, ते मागाहून बघू, असं झालं असणार. हाताने वस्तू बनवणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत असं एक तरी मागाहूनचं काम असतं. मग गिटार वाजायला लागली, बँड मिळाला, दौरे सुरू झाले. छिद्र पाडलं असतं तर फीडबॅक वाढला असता की आवरेनासा झाला असता, हे कळायला एकच मार्ग आहे, आणि आता त्या व्हिनिअरला करवत लावायला कोण धजावणार?